दाह विझवायचा म्हणून 'तोडफोड वाढवा'? त्या पोस्टला माझं उत्तर

सूक्ष्मदर्शी: रानवारा यांची कालची पोस्ट तीन ग्रुप फिरून माझ्याकडे आली म्हणून इथेच लिहिते. पोस्टचं म्हणणं थोडक्यात असं, की पेशी दाहाचे (इन्फ्लमेशनचे) निरोप नेणारी प्रथिनं स्वतःच तोडून टाकते, म्हणजे शरीर आपला दाह आपणच विझवतं, तेव्हा फास्टिंग करून ही तोडफोड वाढवा आणि गोळ्या सोडा. यातलं पहिलं वाक्य खरं आहे आणि राग त्याचाच आला, कारण खऱ्या वाक्याच्या आधाराने पुढचं सगळं लोकांच्या गळी उतरतं. अहो, दाह सुरू कशाने होतो? तोडण्यानेच होतो! दाहाची जनुकं चालू करणारं एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन एरवी गप्प असतं कारण आयकप्पाबी नावाचं दुसरं प्रथिन त्याला धरून ठेवतं. टीएनएफ या दाहाच्या निरोप्याचा निरोप आला की आयकप्पाबीवर फॉस्फेट लागतं, मग युबिक्विटिन या छोट्या खूणप्रथिनाची साखळी, आणि प्रोटिऑसोम हे पेशीतलं प्रथिनं तोडायचं यंत्र त्याचा भुगा करतं. धरणाराच गेला, मग एनएफ-कप्पा-बी केंद्रकात शिरतं आणि दाहाची जनुकं चालू. एमएस्सीला असताना हे मी स्वतः ब्लॉटवर, म्हणजे प्रथिन पट्टीच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीत, पाहिलंय. शून्य मिनिटाला आयकप्पाबीची ठसठशीत काळी पट्टी, पंधराव्या मिनिटाला तिथे काहीच नाही, मला वाटलं नमुना भरायलाच विसरले, आणि तासाभराच्या नमुन्यात पट्टी परत हजर, कारण एनएफ-कप्पा-बी जी जनुकं चालू करतं त्यात आयकप्पाबीचंही असतं. तर मग 'तोडफोड वाढवा' म्हणजे नेमकं काय वाढवायचं, आग की पाणी?

रानवारा: एक आयकप्पाबी धरून बसलात. विझवायच्या बाजूचं का नाही सांगितलं? दाह आवरणारी ए-२० आणि एसओसीएस ही प्रथिनं आहेत, निरोप घेणारे रिसेप्टर लायसोसोम या पेशीतल्या पाचक पिशवीत जाऊन संपतात, आणि ऑटोफॅजी, म्हणजे उपाशी पेशीने स्वतःचेच भाग गिळून मोडणं, ती तयार झालेला इन्फ्लमासोम हा दाह पेटवणारा प्रथिनांचा जुडगा गिळते. ओसुमींना २०१६ चं नोबेल ऑटोफॅजीसाठीच मिळालं ना? मी आठ महिने फास्टिंग करतोय, गुडघ्याची सूज उतरली, जिना चढतो आता. हे खोटं आहे का?

तर्कट: तुमचा गुडघा खोटा नाही, पण ओसुमींनी उपाशी ठेवलं होतं यीस्टला. आठ महिन्यांत वजन किती उतरलं ते लिहा आधी, गुडघ्यावरचा भार कमी झाला तरी जिना चढता येतो, त्यासाठी ऑटोफॅजीला मधे आणायची गरज नाही. आणि नोबेलच काढायचं तर २००४ चं रसायनशास्त्राचं काढा, सिएकानोव्हर, हर्श्को आणि रोज यांचं, युबिक्विटिन लावून प्रथिनं तोडली जातात या शोधाचं, कारण ए-२० चं काम युबिक्विटिनवर चालतं. युबिक्विटिनची साखळी त्याच्या ६३ नंबरच्या लायसिन या अमिनो आम्लावरून गुंफलेली असेल तर निरोप पुढे जातो, ४८ वरून असेल तर प्रथिन तोडायला जातं. ए-२० रिप१ या टीएनएफचा निरोप पुढे नेणाऱ्या प्रथिनावरची ६३ वाली साखळी सोडवतं आणि ४८ वाली लावतं. हे एवढं नेमकं काम 'तोडफोड वाढवा' या दोन शब्दांत कोंबलंत याचा खरंच संताप येतो.

सूक्ष्मदर्शी: आणि ए-२० च्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच बिघडली तरी लहानपणापासून ताप, तोंडात फोड, आतड्याचा दाह, २०१६ मध्ये हा आजार वेगळा ओळखला गेला. रानवारा, ए-२० चा मुद्दा तुमचा बरोबरच होता, तेवढं मान्य. पण तोडायचं यंत्र कमी चाललं तरी दाह होतो, प्रोटिऑसोमचा एक भाग बनवणाऱ्या पीएसएमबी८ जनुकात दोष असलेल्या मुलांना ताप, पुरळ, आणि चेहऱ्यावरची चरबी झडत जाते.

जुनाखांब: यंत्र बंद केलं की काय होतं ते मी घरात पाहिलंय. वडिलांना मल्टिपल मायलोमा हा रक्ताचा कॅन्सर होता, बोर्टेझोमिब हे औषध चालू होतं, ते प्रोटिऑसोमच अडवतं. आजार आटोक्यात आला पण पायाला मुंग्या इतक्या की चप्पल पायात आहे की निसटली ते खाली बघून कळायचं. नागीण उठू नये म्हणून वेगळी गोळी चालू होती. कोणी 'प्रोटिऑसोम वाढवा, कमी करा' असं सहज लिहिलं की मला ती चप्पल आठवते.

निळाई: तुमचं रिप१ आणि ४८-६३ चालू द्या, मला 'गोळ्या सोडा' या दोन शब्दांबद्दल बोलायचंय. आईला संधिवात, सकाळी मूठ मिटत नाही, ब्लाउजची हुकं मी लावून द्यायची. अशीच एक पोस्ट वाचून तिने स्टेरॉइड एका दिवसात बंद केलं, मला न सांगता. चौथ्या दिवशी उलट्या, बीपी खाली, उभं राहवेना, सलाइन लावावं लागलं. लिहिणाऱ्याला कळतं का हे?

कडूलिंब: आणि स्टेरॉइड चालू ठेवून काय होतं ते पण लिहा की! माझ्या भावाच्या खुब्याचं हाड मेलं, ३४ व्या वर्षी सांधा बदलला. वर्षभर कोणी सांगितलं नाही की असंही होऊ शकतं. रानवारांवर सगळे तुटून पडलात, पण लोक गोळ्या सोडतात ते घाबरून सोडतात, आणि भीती उगाच नसते.

निळाई: मग भावाची गोष्ट सांगून माझ्या आईचं सलाइन कसं चुकीचं ठरतं? कोणी म्हटलं का आयुष्यभर खा म्हणून?

कडूलिंब: तुमच्या सुरात तेच होतं.

सूक्ष्मदर्शी: दोघी थांबा जरा. खुब्याचं हाड जाणं हा स्टेरॉइडचा खरा धोका आहे आणि तो आधी सांगायलाच हवा, कडूलिंब, ते वर्षभर न सांगणं अक्षम्य आहे. पण एकदम सोडण्याचा धोका वेगळ्याच कारणाने येतो. महिनोन् महिने बाहेरून स्टेरॉइड मिळालं की मूत्रपिंडावरची अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, करणं कमी करते, तिला जागं व्हायला वेळ लागतो, म्हणून डोस उतरवत न्यायचा. आणि रानवारा, हे खास तुमच्यासाठी, स्टेरॉइड काही पेशींमध्ये आयकप्पाबी जास्त बनवायला लावतं. म्हणजे तुम्ही ज्याला 'पेशीची स्वतःची व्यवस्था' म्हणता त्याच खुंटीवर ती गोळीही टांगलेली आहे, तिला शत्रू ठरवून कसं चालेल?

रानवारा: स्टेरॉइडचं हे माहीत नव्हतं. 'गोळ्या सोडा' ही ओळ काढतो, जिथे जिथे पाठवली तिथेही सांगतो. निळाईताई, माझ्या मनात रोजच्या पेनकिलर होत्या, पण लिहिलं तसं नव्हतं, चूक माझीच. फास्टिंगचा परिच्छेद मात्र ठेवणार, ऑटोफॅजीचं एटीजी१६एल१ जनुक आणि क्रोन्स हा आतड्याच्या दाहाचा आजार यांचा संबंध २००७ पासून माहीत आहे, ते काही यीस्ट नाही.

तर्कट: क्रोन्सचा संबंध खरा, मानलं. पण त्या जनुकात फरक असणं आणि दुपारपर्यंत न जेवणं यात फार अंतर आहे, ते परिच्छेदात लिहा मग ठेवा.

कडूलिंब: निळाई, आई आता कशी आहे?

निळाई: डोस उतरवतोय, पाववर आलाय. हुकं अजून मीच लावते.