मदत हवी आहे : भरिताच्या वांग्यातील शेंडे व फळ पोखरणारी अळी कमीत कमी फवारणीत कशी आवरावी?

नमस्कार मंडळी. जळगाव जिल्ह्यातील यावल तालुक्यात आमची शेती आहे आणि त्यातील 20 गुंठ्यांत आम्ही भरिताची वांगी घेतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला लागवड, दिवाळीच्या सुमारास तोडे सुरू आणि थंडीभर विक्री, असा साधारण क्रम असतो. या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले असले तरी शेंडे व फळ पोखरणाऱ्या अळीपुढे आमच्या परिसरातील बहुतेक शेतकरी हतबल आहेत आणि दर आठवड्याला, कधी दोन-तीन औषधे एकत्र करून, फवारणी करतात. हे थांबवावे असे मला मनापासून वाटते. वांग्याचा तोडा चार-पाच दिवसांनी करावाच लागतो, त्यामुळे औषधाच्या लेबलवर काढणीपूर्वी जेवढे दिवस थांबायला सांगितलेले असते तेवढे थांबणे अनेकदा शक्यच होत नाही, आणि तो माल थेट लोकांच्या ताटात जातो. यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हापासून आमच्या घरात पाठीवर पंप चढवताना प्रत्येकाच्या मनात धास्ती असते.

एवढे करूनही फवारणीचा उपयोग मर्यादितच होतो, कारण मादी पतंग रात्री पानांच्या खालच्या बाजूस, कोवळ्या शेंड्यांवर आणि फळाच्या देठाशी एकेक अंडे घालते आणि अंड्यातून बाहेर पडलेली अळी काही तासांतच शेंड्यात किंवा फळात शिरते, जिथे औषध पोहोचत नाही. आपल्याला फळावर जे छिद्र स्पष्ट दिसते ते बहुधा अळी बाहेर पडल्याचे असते. आत शिरल्याची खूण लवकरच बुजते. म्हणजे अळी आत असलेले वांगे वरून निर्दोष दिसते, आणि काड्यांवर भाजून साल काढल्यावरच गिऱ्हाइकाला ती सापडते. भाजीच्या वांग्यात एखादी फोड काढून टाकता येते. भरिताच्या मोठ्या वांग्याला मात्र एक अळी लागली तरी अख्खे फळ वाया जाते.

सध्या आम्ही सुकलेले, माना टाकलेले शेंडे अळीच्या खालपर्यंत कापून पिशवीत बंद करतो, किडकी फळे बांधावर न टाकता नष्ट करतो, पिकाच्या उंचीच्या थोडे वर कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) लावतो आणि 5 टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारतो. अर्कासाठी 5 किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, साबणाच्या द्रावणासह 100 लिटरपर्यंत पाणी वाढवतो. बोकड्या (पाने अगदी बारीक राहण्याचा रोग) झालेली झाडे दिसताच उपटतो, कारण तो रोग तुडतुड्यांमार्फत पसरतो. या उपायांनी शेंड्यांचे नुकसान कमी झाले आहे. फळांचे मात्र अपेक्षेइतके कमी झालेले नाही.

माझा संशय शेजारच्या शेतावर आहे. तिथे वांग्याचा खोडवा (छाटून पुन्हा फुटवलेले जुने पीक) उभा असतो आणि उपटलेली जुनी झाडे सरपणासाठी बांधावर रचून ठेवलेली असतात. अशा ढिगांतील कोषांतून पतंग बाहेर पडत राहतात, हे वर्ल्ड व्हेजिटेबल सेंटर या भाजीपाला संशोधन संस्थेच्या दक्षिण आशियातील कामातूनही पुढे आले आहे. शेजारी काका वयाने मोठे आणि आमच्याशी जिव्हाळ्याचे आहेत, पण सरपण जाळून टाका असे त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचे? ढीग बारीक जाळीने झाकून पतंग आतच अडकवण्याचा उपाय मी वाचला आहे. तो कोणी प्रत्यक्ष केला आहे का? जाळीची भोके किती बारीक असावीत आणि ती किती दिवस ठेवावी?

दुसरे, हा पतंग फार लांब उडत नाही असे म्हणतात. त्या बांधाच्या बाजूने माणसाच्या उंचीपेक्षा थोडी उंच नायलॉन जाळी उभारली तर खर्च निघेल का, की नुसते सापळे वाढवणे बरे? सापळ्यात फक्त नर सापडतात, आणि शेजारून आधीच मीलन झालेल्या माद्या येत असतील तर सापळ्यांचा जोर अपुराच पडणार, असे मला वाटते.

तिसरा प्रश्न माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. रासायनिक फवारणी पूर्ण बंद केल्यास ट्रॅथाला नावाची परजीवी गांधीलमाशी वाढून अळीला आवर घालते, असे सांगितले जाते. सिंथेटिक पायरेथ्रॉईड गटातील कीटकनाशकांच्या वारंवार वापराने लाल कोळी ही रस शोषणारी कीड वाढते, हे तर आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे, त्यामुळे मित्रकीटकांच्या बाजूने माझे मन आहे. परंतु सभोवती कपाशी असून तिच्यावर सतत फवारे चालू असताना 20 गुंठ्यांच्या तुकड्यात हे मित्रकीटक टिकतात का? टिकवण्यासाठी बांधावर कोणती फुलझाडे लावावीत?

बीटी वांग्याला आपल्याकडे फेब्रुवारी 2010 मध्ये स्थगिती मिळालेली असल्याने तो पर्याय कृपया चर्चेत आणू नये. खानदेशात किंवा कृष्णाकाठी ज्यांनी वांगी घेतली आहेत, त्यांनी गाव, हंगाम, शेजारची पिके आणि शेंडे कापायला आठवड्याला किती मजूर लागले, एवढे जरूर लिहावे. लागवडीपूर्वी काकांशी बोलायचे आहे, तेव्हा त्यांना दाखवता येईल असा एखादा शेतकऱ्याचा अनुभव हाती असावा अशी इच्छा आहे.