लैंगिक 'कल' की 'अभिमुखता'? आणि स्पेक्ट्रमला मराठीत काय म्हणायचं?

कॉलेजच्या वयातल्या मुलांसाठी एका माहितीपत्रकाचं मराठी करतेय आणि तीन दिवस एकाच वाक्यावर अडकलेय. आशय साधा आहे, माणसाचं सेक्शुअल ओरिएंटेशन, म्हणजे कोणाची ओढ वाटते ते, स्पेक्ट्रमवर असतं, दोनच खाने नसतात. मी लिहिलं, "लैंगिक कल हा वर्णपटासारखा असतो." घरात वाचून दाखवलं तर भावाने विचारलं म्हणजे तो बदलत राहतो का, फिक्स आहे की स्पेक्ट्रम आहे, आणि आई म्हणाली वर्ण म्हणजे जातीतला का. मूळ वाक्यात यातलं काहीच नाहीये! आता कल की अभिमुखता, वर्णपट की सरळ स्पेक्ट्रम, आणि बायसेक्शुअलला, म्हणजे बाई-पुरुष दोघांचीही ओढ वाटणाऱ्याला, उभयलिंगी चालेल का, तेही सांगा.

—

भावाचं चुकलं नाही, ते 'कल' या शब्दातच आहे. मतमोजणीच्या दिवशी सकाळी कल येतात आणि निकाल नंतर लागतो, म्हणजे कल म्हणजे अजून नक्की नाही ते. पोराचा कल चित्रकलेकडे आहे म्हणतो तेव्हाही मनात असतं की उद्या गाण्याकडे गेला तरी नवल नाही. एखाद्याला आयुष्यभर फक्त पुरुषांचंच किंवा फक्त बायकांचंच आकर्षण वाटलं, त्याला 'कल' म्हणणं मला फार मिळमिळीत वाटतं.

—

अभिमुखता हा शब्द मी तरी कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही, फक्त छापलेला बघितलाय, पण तो बनवणाऱ्याने डोकं वापरलंय हे मान्य करायला पाहिजे. ओरिएंट म्हणजे उगवतीची दिशा, त्यामुळे ओरिएंटेशन म्हणजे मुळात पूर्वेकडे तोंड करणं, आणि आपल्याकडे पूर्वाभिमुख हा शब्द तयारच आहे. अभि अधिक मुख, तोंड कुठे आहे ते. म्हणजे यात आवड नाही, निवड नाही, फक्त दिशा आहे. गंमत म्हणजे कोवळं सूर्यफूल दिवसभर सूर्याबरोबर मान फिरवतं आणि पूर्ण फुललं की मान पूर्वेकडेच ठेवून उभं राहतं, म्हणजे अभिमुख शब्दात फिरणारं पण बसतं आणि न फिरणारं पण.

—

सूर्यफूल छान आहे पण कृपया माहितीपत्रकात घालू नका, लगेच कोणीतरी म्हणेल लहानपणी फिरतं आणि मोठेपणी सरळ होतं. :)

—

मला वाटतं इथे शब्दाचा घोळ नंतरचा आहे, आधी प्रश्नच दोन आहेत आणि ते एकात एक अडकलेत. एक म्हणजे माणसामाणसांत खाने किती, दोन की अनेक की खानेच नाहीत. दुसरा म्हणजे एका माणसाची जागा काळाप्रमाणे हलते का. स्पेक्ट्रम हे फक्त पहिल्याचं उत्तर आहे आणि 'फिक्स' हे दुसऱ्याचं, त्यामुळे "फिक्स आहे की स्पेक्ट्रम आहे" हे विचारणं म्हणजे माणूस उंच आहे की पुण्याला चाललाय असं विचारण्यासारखं आहे.

खरा वर्णपटच घ्या. न्यूटनने 1672 मध्ये प्रिझममधून पडलेल्या रंगीत पट्ट्यासाठी स्पेक्ट्रम हा शब्द वापरला, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ दिसलेली आकृती, आभास, अगदी भूतसुद्धा. त्या पट्ट्यात तांबडा कुठे संपला नि नारिंगी कुठे सुरू झाला ते कोणालाच बोट ठेवून दाखवता येत नाही. पण म्हणून सोडियमची पिवळी रेघ आज इथे नि उद्या तिथे पडत नाही, ती 589 नॅनोमीटरच्या आसपासच पडते. पट्टा सलग असणं आणि रेघ जागची न हलणं या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, बस एवढंच तुमच्या भावाला सांगा.

किन्सी या अमेरिकन लैंगिकता-संशोधकाने 1948 च्या पुस्तकात जी मोजपट्टी दिली ती 0 ते 6 अशी होती, 0 म्हणजे फक्त भिन्नलिंगी, 6 म्हणजे फक्त समलिंगी आणि मध्ये बाकीचे, आणि हे वागणं नि मनातली ओढ दोन्ही बघून. ती सलगपणाची पट्टी आहे. क्लाइन या मानसोपचारतज्ज्ञाने 1978 मध्ये काळ पण आत आणला, आकर्षण, वागणं, कल्पना, स्वतःला काय म्हणवता अशा सात गोष्टी आणि प्रत्येकीला तीन रकाने, पूर्वी, आत्ता आणि कसं असावंसं वाटतं. एकवीस आकडे! तिथे हे दोन प्रश्न स्पष्टपणे वेगळे होतात.

—

तुम्ही सगळे हुशारीचं बोलताय पण माझ्यासारख्याला हा शब्द कसा लागतो ते सांगतो. मी समलिंगी आहे, चाळिशी उलटली. घरी सांगितलं तेव्हा एका जवळच्या नातेवाइकाने कुठेतरी वाचलेलं स्पेक्ट्रम माझ्यावरच फेकलं, "अरे स्पेक्ट्रम असतो ना, मग थोडा इकडे सरक." हे वाक्य मी वीस वर्षं विसरलो नाहीये. त्यामुळे मला आपलं 'जन्मजात' बरं वाटतं, निदान त्यावर कोणी सरक म्हणत नाही. शास्त्रात बसो न बसो.

—

तुमचा राग पटतोच, पण जन्मजात या शब्दावर सगळा भार टाकू नका, कारण उद्या कोणी म्हणालं की एक जीन दाखव, तर दाखवता येत नाही. 2019 मध्ये पावणेपाच लाखांच्या आसपास लोकांच्या जनुकांचा अभ्यास झाला, त्यात जनुकांमध्ये याच्याशी संबंध दिसणाऱ्या पाच जागा सापडल्या आणि सगळी जनुकीय विविधता मिळूनही फरकाचा 8 ते 25 टक्के भाग समजला. तोसुद्धा समलिंगी जोडीदार कधी होता का एवढ्याच प्रश्नावर, म्हणजे ओढ नाही, वागणं. म्हणजे जनुकांचा हात आहे, पण सगळं तिथेच लिहिलेलं नाही.

पण जन्मजात नसलं म्हणजे सरकवता येतं हे कोणी सांगितलं? मातृभाषा बघा. पोटातून कोणी मराठी घेऊन येत नाही, पण एकदा जिभेवर बसली की ठरवून पुसा बघू. ठेच लागली की 'आई गं'च येतं.

आणि इथेच मराठीचं व्याकरण कामाला येतं, मला तर हे लिहितानाच सुचलं. कलणे आणि कलवणे. भिंत कलते, आपोआप. भिंत कलवतात म्हणजे कोणीतरी जोर लावून. ओढ काही जणांची आयुष्यात थोडीफार कलते, हे खरं आहे, पण ती दुसऱ्याने कलवता येते, किंवा स्वतःच दात-ओठ खाऊन कलवता येते, हे खरं नाही. 'बदलणे' मध्ये हा फरक दिसतच नाही, हवा बदलते नि कपडे बदलतो, एकच क्रियापद, म्हणून "कल बदलतो" वाचलं की लोकांना "कल बदलता येतो" ऐकू येतं. तुमच्या नातेवाइकाने हीच गडबड केली.

कलवायचे प्रयोग तर खूप झाले. स्पिट्झर नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने 2003 मध्ये छापलं होतं की काही जण बदलले, आणि 2012 मध्ये स्वतःच तो दावा मागे घेऊन समलिंगी लोकांची माफी मागितली. हाच माणूस 1973 मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढायला पुढे होता, म्हणून जास्तच लागतं ते. 2009 मध्ये अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने सगळे अभ्यास चाळून सांगितलं की असे उपाय कामाला येण्याची शक्यता कमी आणि अपाय होण्याचा धोका आहे.

—

कलणे-कलवणे, वा! हे शाळेत प्रयोजक क्रियापद शिकवताना वापरलं पाहिजे, म्हणजे वापरू देणार नाहीत ते सोडा.

—

उभयलिंगीचं कोणीच बोललं नाही. ताई, तो शब्द नका वापरू. जीवशास्त्रात उभयलिंगी म्हणजे ज्याच्या एकाच शरीरात नर-मादी दोन्ही अवयव, गांडूळ उभयलिंगी असतं, जास्वंदाचं फूल उभयलिंगी असतं. मुलांनी तोच अर्थ शिकलेला असतो. उभयलैंगिक लिहा, समलैंगिक, भिन्नलैंगिक, उभयलैंगिक असा एकच साचा राहतो. आपला लिंग शब्द फार राबवलाय हो, व्याकरणात तोच, शरीरात तोच, फॉर्मवर तोच, आणि ओढ कोणाची वाटते त्यालाही तोच.

अलैंगिक, म्हणजे ज्यांना कोणाचीच लैंगिक ओढ वाटत नाही, याचा तर अजून घोटाळा, मुलांच्या डोक्यात लगेच अलैंगिक प्रजनन आणि अमीबा येतो. आणि मजा अशी की हीच माणसं किन्सीच्या पट्टीवर बसत नाहीत, त्याला त्यांच्यासाठी आकडा सोडून एक्स हे अक्षर ठेवावं लागलं होतं. 1980 मध्ये स्टॉर्म्स या मानसशास्त्रज्ञाने म्हणून एका रेघेऐवजी दोन रेघा काढल्या, पुरुषांची ओढ किती ही एक, बायकांची किती ही दुसरी, मग दोन्ही जास्त असू शकतात आणि दोन्ही शून्यही. एका पट्टीवर एक वाढलं की दुसरं कमी होणारच, हे गृहीतच चुकीचं होतं. वर ज्यांनी 2019 च्या अभ्यासाचं लिहिलंय त्यातही शेवटी हेच होतं की एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणारी एकच सरळ रेघ नाही. म्हणजे पट्टा हा शब्दही थोडा अपुराच, पट म्हटलं तर बरं, पटाला लांबी असते आणि रुंदीपण.

—

फ्लुइडला, म्हणजे काळाप्रमाणे हलणाऱ्या ओढीला, 'तरल' लिहिलेलं बघितलं मध्यंतरी, लैंगिक तरलता. वाचून कवितासंग्रहाचं नाव वाटलं. आणि 'चंचल' तर नकोच नको, त्यात चारित्र्य येतं लगेच. प्रवाही बरा. मानसशास्त्रज्ञ लिसा डायमंड यांनी ऐंशीएक तरुण मुलींना दहा वर्षं पुन्हा पुन्हा विचारलं, सगळ्या स्वतःला भिन्नलैंगिक न म्हणवणाऱ्या, त्यातल्या दोन तृतीयांश जणींनी स्वतःचं लेबल एकदातरी बदललं. पण लेबल बदलणं आणि ओढ बदलणं एक नाही हां. ओढ फार कमी सरकली, आपल्याला काय म्हणावं हे जास्त वेळा बदललं. म्हणजे त्याही शब्दच शोधत होत्या, या धाग्यासारख्या.

—

सगळ्यांचे आभार, आणि ज्यांनी स्वतःचं सांगितलं त्यांचे जास्त. आत्ता असं लिहिलंय बघा: "कोणाची ओढ कोणाकडे असते याचे दोनच खाने नाहीत, मधल्या अनेक जागा आहेत. बहुतेकांची जागा आयुष्यभर साधारण तीच राहते, काहींची आपोआप थोडी कलते, पण ती कोणालाही कलवता येत नाही." शीर्षकात लैंगिक अभिमुखता एकदाच, पुढे सगळीकडे ओढ. स्पेक्ट्रम हा शब्द काढूनच टाकला, वर्णपटही. अलैंगिक मात्र तसाच ठेवलाय, अमीबासकट, दुसरा शब्द सुचला तर शुक्रवारच्या आत सांगा, मग छापायला जातंय.

—

'ओढ नसलेले' म्हणू नका फक्त, त्यांना माया-प्रेमाची ओढ असतेच की.