काकांची झोप आणि १० एमजीची गमी

ए-३०२ काकू: कोणी ते झोपेचं हार्मोन, मेलाटोनिन घेतं का गं, भाचीने अमेरिकेतून १० एमजीच्या गमीज (चघळायच्या गोळ्या) पाठवल्यात, ह्यांना रात्री २ ला जाग आली की मग हॉलमध्ये येरझाऱ्या नाहीतर टीव्ही, देऊ का एक?

बी-१०४ नाना: बिनधास्त द्या वहिनी. मी ३ ची घेतो, नॅचरल असतं काही होत नाही 👍

सी-५०१ ताई (मेडिकल): काकू थांबा!! वयाबरोबर शरीरात मेलाटोनिन कमी तयार होतं हे खरंय, पण जास्त घेतलं म्हणजे जास्त झोप असं नसतं, उलट दुसऱ्या दिवशी गुंगी आणि तोल जायची भीती. युरोपात ५५ च्या पुढच्यांना जी गोळी मंजूर आहे ती २ एमजीची, हळूहळू विरघळणारी, तीही जास्तीत जास्त १३ आठवडे. आणि २०२३ मध्ये अमेरिकेत २५ गमीज तपासल्या तर २२ मध्ये लेबलवर एक आणि आत भलतंच, एकीत तर मेलाटोनिनच नव्हतं

ए-३०२ काकू: अगं बाई

सी-५०१ ताई: काका दुपारी झोपतात?

ए-३०२ काकू: २ ते ५ घोरत असतात. रात्री पण साडेआठलाच आडवे

सी-५०१ ताई: मग करा हिशोब, दुपारचे ३ आणि रात्रीचे साडेपाच, साडेआठ तास झाले की! झोप पूर्ण होतेय काकांची 😄

डी-२०३ दादा: उद्या सकाळी पाणी उशिरा येईल, भरून ठेवा

सी-५०१ ताई: दुपारची अर्ध्या तासावर आणा, रात्री दहापर्यंत जागवा, संध्याकाळचा चहा बंद, आणि सकाळी उन्हात कृषीनगर जॉगिंग ट्रॅकला पिटाळा. फार घोरत असतील किंवा सारखं लघवीला उठत असतील तर ते डॉक्टरांना सांगा. रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का?

ए-३०२ काकू: हो वॉर्फरिन

सी-५०१ ताई: मग डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही, ब्लीडिंग वाढू शकतं

बी-१०४ नाना: त्यापेक्षा ती झोपेची गोळी अल्प्राझोलाम बरी

सी-५०१ ताई: नाना ती तर वयस्कर माणसाला अजून वाईट, रात्री बाथरूमला जाताना पडतात आणि सवय लागते ती वेगळीच. बरं तुमची बीपीची गोळी कुठली? निफेडिपिन असेल तर मेलाटोनिनने बीपी वाढलेलं दिसलंय. पर्सनलवर स्ट्रिपचा फोटो टाका

बी-१०४ नाना: टाकतो. चष्मा सापडू दे