धंद्याच्या नजरेतून सिनेमा: खरा कुठे उतरतो, फसतो कुठे?

धागा उघडताना, चाळीसगाव

राम राम मंडळी. सिनेमा "लय भारी" की "डोक्याला ताप" यावर भांडण झालं की कोणाचंच मत बदलत नाही. म्हणून या वेळी वेगळं मागतोय. आपल्या खान्देशात रेल्वे आहे, कोर्टं आहेत, केळी-कपाशी आहे, एकपडदा थिएटरांत आयुष्य घालवलेली माणसं आहेत. ज्याला जे काम येतं त्याने त्या कामाचे सिनेमे तपासावेत. काय बरोबर, काय चूक आणि चूक असूनही सिनेमा चालतो का, एवढं सांगा. "मी पहिल्यांदा टॉकीजला गेलो तेव्हा" हे पुढच्या धाग्यासाठी राखून ठेवा.

लोकोवाला, भुसावळ

मारधाडपटात गाडीच्या छतावरची मारामारी दिसली की आधी वर बघायचं, तार आहे का. आपल्या ओव्हरहेड तारेत २५,००० व्होल्ट असतात. तार रुळापासून साडेपाच मीटरच्या आसपास, डब्याचं छत चार मीटरच्या थोडं वर. म्हणजे हिरो छतावर ताठ उभा राहिला की डोकं तारेला. शिवायचीही गरज नाही. दोन मीटरच्या आत जायचंच नाही असा नियम आहे, कारण झटका हवेतूनही बसतो. 'दिल से' (१९९८) मधलं छतावरचं गाणं मला खटकत नाही, ती निलगिरीची डोंगरी गाडी आहे आणि तिथे तारच नाही.

दुसरी तपासणी ब्रेकची. खलनायक पाइप कापतो आणि गाडी बेफाम सुटते, हे सरळसरळ उलटं. ब्रेक पाइपात ५ किलोचा दाब भरलेला असतो आणि तोच ब्रेक सोडवून धरतो. पाइप तुटला की दाब गेला, दाब गेला की ब्रेक आपोआप लागले. मधूनच डबा तुटला तरी पुढचा आणि मागचा दोन्ही तुकडे थांबणार. जुन्या व्हॅक्यूम ब्रेकचंही तत्त्व हेच होतं, फक्त दाबाच्या जागी निर्वात. गाडी खरोखर हाताबाहेर जायची तर मधला अँगल कॉक, म्हणजे डब्यांमधल्या हवेच्या पाइपाची तोटी, बंद राहिलेला हवा. मग इंजिनातून मारलेला ब्रेक मागच्या डब्यांपर्यंत पोचतच नाही. घातपात दाखवायचा तर तो दाखवा की! 'द बर्निंग ट्रेन' (१९८०) डब्यातल्या माणसांसाठी बघावा, ब्रेकचा अभ्यास तिथे करू नये.

कारण बरोबर पकडलेला सिनेमा म्हणजे 'अनस्टॉपेबल' (२०१०). २००१ साली अमेरिकेतल्या ओहायोत घडलेल्या घटनेवर आहे. यार्डात शंटिंग करताना डब्यांचे हवेचे पाइप जोडलेले नसतात, म्हणून डब्यांना ब्रेक नाही, आणि ड्रायव्हर इंजिनातून उतरलेला. एवढ्या साध्या चुकीवर सगळा सिनेमा उभा आहे.

'शोले'तली मालगाडी वाफेच्या इंजिनाची. वाफेच्या इंजिनाचे सिनेमे बघताना एक लक्षात ठेवा: फावडाभर कोळसा टाकला की लगेच वेग वाढतो हे खोटं. नवा कोळसा आधी काळा धूर देतो, आच नंतर धरते, दाब त्याच्याही नंतर चढतो. वेग रेग्युलेटर, म्हणजे वाफ सोडणारी झडप, उघडल्यावर वाढतो. बाकी तो प्रसंग अजून कोणी मागे टाकलेला नाही. आणि मूकपटांत 'द जनरल' (१९२६) चुकवू नका. जळत्या पुलावरून नदीत पडलेलं इंजिन खरं आहे, खेळण्यातलं नाही. वजन कसं पडतं ते तिथे कळतं. आताचे कॉम्प्युटरवरचे डबे पडताना पुठ्ठ्याचे वाटतात, कारण ते एकदम वळतात. खरा डबा आधी बोगीवरून, म्हणजे खालच्या चाकांच्या सांगाड्यावरून, सुटतो, मग कलतो, मग घसरत जातो.

काळा कोट, धुळे

कोर्टपटांसाठी सोपी चाचणी. न्यायाधीशांनी हातोडा आपटला की लेखक कोर्टात जाऊन बसलेला नाही असं समजा. आपल्याकडे हातोड्याने कोर्ट चालत नाही. दुसरी चाचणी साक्षीची. साक्षीदार बोलतो, न्यायाधीश ते आपल्या शब्दांत स्टेनोला सांगतात, आणि नोंदीत जातं ते हे दुसरं वाक्य. खरी लढाई कित्येकदा त्या शब्दावर होते. "पाहिलं" की "दिसलं", यावर अर्धा तास जातो. हिंदी सिनेमाने ही सोन्याची खाण कधी खणलीच नाही.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ने खणली. कॅमेरा लांब, हलत नाही, मागच्या बाकावर बसल्यासारखा. सरकारी वकील कलमं एका सुरात वाचत जातात, बिनबाह्यांचा पोशाख केला म्हणून एका बाईंचं प्रकरण त्या दिवशी चालतच नाही. ज्यांना तो कंटाळवाणा वाटतो त्यांचं चुकत नाही, कोर्ट तसंच असतं. पण आरोप किती हास्यास्पद आहे हे कोणी ओरडून सांगत नाही, म्हणून तो जास्त बोचतो.

'दामिनी'तलं "तारीख पे तारीख" टाळ्यांचं आहे आणि तक्रारही खरी आहे. फक्त तारीख का पडते हे कोणी दाखवत नाही. समन्स बजावलं गेलं नाही, साक्षीदार गैरहजर, मुद्देमाल आला नाही, केमिकल अ‍ॅनालायझरचा अहवाल बाकी, नाहीतर वकिलाचा मुदतीचा अर्ज. यातल्या एकेका कारणावर सिनेमा होईल.

सगळ्यात जास्त चूक कबुलीजबाबाची. पोलीस ठाण्यात मारून वदवून घेतलं आणि शिक्षा झाली, असं होत नाही. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम २५ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं २३. आरोपीने सांगितल्यावरून हत्यार सापडलं तर तेवढ्यापुरता भाग घेता येतो. म्हणून पटकथा लिहिणाऱ्यांनो, पंचनामा दाखवा. पंच फितूर झाला की केस कशी ढासळते, त्यात नाट्य भरपूर आहे.

आता अपवाद. 'एक रुका हुआ फैसला' (१९८६) कायद्याने अशक्य आहे, १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाला, जागाच नव्हती. तरी तो मी कोणालाही दाखवीन. संशयाचा फायदा म्हणजे काय, हे त्यातून जितकं कळतं तितकं व्याख्यानांतून कळत नाही. मूळ '१२ अँग्री मेन' (१९५७) बघताना कॅमेऱ्याची उंची बघा. सुरुवातीला डोळ्यांच्या वर असतो, शेवटाकडे खाली येतो, भिंगंही लांब पल्ल्याची होत जातात. खोली तीच, पण घुसमट वाढते.

केळीबाग, रावेर

गावाकडच्या सिनेमांवर थोडक्यात लिहितो, कापणी चालू आहे.

केळीच्या बागेत पांढऱ्या साडीतलं गाणं दिसलं की हसू येतं. केळीचा चीक कपड्याला लागला की डाग काळपट-तपकिरी पडतो आणि साबणाने जात नाही. बागेत जायचे कपडे वेगळे असतात ते त्यासाठीच. केळीच्या एका खोडाला घड एकदाच येतो. निसवल्यावर, म्हणजे घड बाहेर पडल्यावर, महिने मोजायचे, कापला की ते खोड संपलं, पुढचं पीक पिलावर, म्हणजे बुडाशी फुटलेल्या कोंबावर. म्हणून मे महिन्याच्या वादळात बाग झोपली की वर्ष गेलं. सिनेमात दुःख दाखवायला नेहमी भेगाळलेली जमीन लागते. आमच्याकडचं संकट हिरवंगार असतं, घडासकट आडवं पडलेलं. ते कोणी चित्रित करत नाही.

कपाशीचं फूल पहिल्या दिवशी पिवळसर पांढरं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. एकाच प्रसंगात रंग बदलला तर शूटिंग दोन दिवस चाललं हे कळतं. वेचणीत नट अख्खं बोंड ओरबाडतात. वेचणारी बाई बोटांच्या चिमटीने फक्त कापूस काढते, पाला येऊ देत नाही, आणि दव वाळल्यावरच सुरू करते. ओला आणि कचऱ्याचा कापूस भावात मार खातो.

'गाभ्रीचा पाऊस' (२००९) विदर्भातला आहे, पण पेरणीनंतर आभाळाकडे बघत बसणं आमच्यासारखंच. तो सावकाराला शिंगं लावत नाही हे मोठं काम. बाकी सिनेमांत अजून पगडीवाला सावकार आहे. आता उधारी कृषी केंद्राची असते, बियाणं-खत-औषध वहीवर, आणि कापूस विकला की हिशोब.

अहिराणीवाला, साक्री

विनोदी सिनेमात खान्देशी पात्र आलं की कान टवकारायचे. बऱ्याचदा लेखकाने वऱ्हाडी लिहून वर "खान्देशी" चिठ्ठी डकवलेली असते. "माले", "तुले" दोन्हीकडे आहे, त्यावर जाऊ नका. षष्ठी पकडा. वऱ्हाडीत "गावचा", अहिराणीत "गावना, गावनी, गावनं". आपला भाऊ "मन्हा भाऊ", तुझी आई "तुन्ही माय". तो आला म्हणजे "तो उना", ती आली "ती उनी". आणि रावेर-यावलकडची लेवा बोली पुन्हा वेगळी. तिथे ळ चा य होतो, डोळ्याचा डोया, पण षष्ठी अहिराणीसारखी नाही. रावेरचं पात्र "उना" म्हणालं की कागद कोणी तपासलाच नाही.

दुसरी चूक म्हणजे बोली फक्त हसवण्यापुरती. पात्र रडायला लागलं की पुणेरी बोलतं! विनोद बोलीत आणि दुःख प्रमाण भाषेत, ही वाटणी ज्या सिनेमात असेल त्याचे माझ्याकडून गुण कमी.

विडंबन शिकायचं तर शेजारी मालेगाव आहेच. नासिर शेख यांचा 'मालेगाव के शोले' आणि तिथल्या मंडळींवर फैजा अहमद खान यांनी केलेला 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (२००८) हा माहितीपट. ट्रॉली म्हणून सायकल, क्रेन म्हणून बैलगाडी. पण नुसत्या जुगाडाने हसू येत नाही. मूळ प्रसंगाची चौकट तशीच ठेवायची आणि आत यंत्रमागाच्या गावातलं दुखणं भरायचं, हे त्यांना जमलं. चौकटही बदलली की विडंबन न राहता नुसता गोंधळ होतो.

पडद्यामागचा, नंदुरबार

भव्य सिनेमांबद्दल मत देण्याआधी तो नीट दाखवला होता का ते विचारा. 'शोले' ३५ मि.मी.वर चित्रित करून ७० मि.मी.वर मोठा केला होता. त्याच्या ३५ च्या प्रती छोट्या पडद्यावर बघितलेल्यांनी तो अर्धाच बघितला असं मी म्हणतो.

स्कोप, म्हणजे रुंद पडद्याच्या, प्रतीत चित्र आडवं दाबलेलं असतं, ते भिंग उलगडतं. साधं भिंग राहिलं की सगळी माणसं उंच, किडकिडीत. सारंगखेड्याच्या यात्रेसारख्या ठिकाणी तंबूतल्या खेळात अशी घाई व्हायचीच. दोन हजार फुटांचं रीळ २२ मिनिटांचं. संपत आल्यावर उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका येतो, पहिल्यावर दुसऱ्या यंत्राची मोटर चालू, सातेक सेकंदांनी दुसरा ठिपका, त्यावर बदल. चुकला की पडदा पांढरा आणि शिट्ट्या.

डिजिटलमध्ये ती भानगड गेली, अंधाराची आली. पडद्यावर १४ फूट-लँबर्ट (पडद्याचा उजेड मोजायचं माप) उजेड हवा. दिवा जुना झाला तरी ओढत राहिले की रात्रीचे प्रसंग चिखल होतात. 'तुंबाड' (२०१८) सारखा कंदील आणि पावसाच्या उजेडातला सिनेमा अशा ठिकाणी बघून "काही दिसलंच नाही" म्हणू नका, दोष दिव्याचा असतो. थ्रीडीत तर उजेड आणखी पडतो, मंद पडद्यावर थ्रीडीचे जास्तीचे पैसे देऊ नयेत. बसायला जागा पडद्यापासून दोन तृतीयांश मागे, मधली. आवाज साधारण त्याच जागेसाठी जुळवलेला असतो.

लग्नाचे व्हिडिओवाला, पाचोरा

गाण्यांच्या सिनेमांबद्दल एकच. नायिकेचे केस सावकाश उडतात पण ओठ गाण्याशी जुळतात, ते कसं? कॅमेरा सेकंदाला २४ ऐवजी ४८ चौकटींवर आणि गाणं दुप्पट वेगाने लावायचं. नटाने पटापट ओठ हलवायचे, दाखवताना सगळं निम्म्या वेगाने येतं. जबडा आखडलेला दिसला की समजा तालीम कमी पडली. आमच्याकडे नवरा-नवरीला हे करायला लावू नका, हसू आवरत नाही.

भुताच्या सिनेमात दचकवणं सोपं: आवाज शांत करत न्यायचा आणि मग ठोकायचा. तिसऱ्यांदा ते चालत नाही. 'सायको' (१९६०) मधलं न्हाणीघर अजून चालतं, कारण तिथे तुकडे भराभर बदलतात आणि पार्श्वसंगीत नुसत्या तंतुवाद्यांचं आहे. कृष्णधवल असल्याने रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप वापरलं होतं. रंगीत असतं तर जमलं नसतं.

काळा कोट, धुळे

लोकोवाले भाऊ, 'किल'बद्दल का नाही लिहिलं? सगळा सिनेमा गाडीतच आहे.

लोकोवाला, भुसावळ

साहेब, रक्त फार आहे म्हणून टाळत होतो. पण मोकळेपणाने सांगतो, जागेचा हिशोब त्यात चोख आहे. एसी डब्याच्या बोळातून एका वेळी एकच माणूस नीट जातो. म्हणून समोर टोळी असली तरी हिरोला एकेकाशीच लढावं लागतं, आणि ते पटतं. मोकळ्या मैदानात गुंड रांग लावून मार खातात तसं नाही.

धागाकर्ता, चाळीसगाव

घरी बघणाऱ्यांसाठी माझी भर. टीव्हीत मोशन स्मूदिंग नावाची सोय असते, कंपनीगणिक नाव बदलतं. ती आधी बंद करा, नाहीतर २४ चौकटींचा सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. पिक्चर मोड "सिनेमा" किंवा "फिल्ममेकर" ठेवा, "व्हिविड" दुकानातल्या उजेडासाठी असतो. संवाद पुटपुटल्यासारखे आणि स्फोट कान फोडणारे येत असतील तर आवाजाच्या यादीतून ५.१ (अनेक स्पीकरांसाठीचा आवाज) ऐवजी स्टिरिओ (दोन स्पीकरांचा) निवडा. ५.१ मध्ये संवाद मधल्या स्पीकरला दिलेले असतात, आणि टीव्हीला मधला स्पीकर नसतो.

जळगावच्या सराफ बाजारातलं कोणी आहे का इथे? ऐतिहासिक सिनेमांतले दागिने धावताना उड्या मारतात, खऱ्या सोन्याची ठुशी तशी उडते का, एवढं लिहा.