वॉर्डमधला अनुभव आणि एनक्लेक्सची उत्तरे यांचा मेळ कसा घालावा?

ऐरोलीची सिस्टर (प्रश्न)

नमस्कार. बी.एस्सी. नर्सिंग झाल्यापासून गेली सात वर्षे मी नवी मुंबईतील एका खासगी रुग्णालयाच्या मेडिकल आयसीयूत काम करते आणि सध्या एनक्लेक्स-आरएन या, अमेरिकेत नर्स म्हणून परवाना मिळवण्यासाठीच्या परीक्षेची तयारी करते आहे. ड्युटीला जाताना ऐरोली ते नेरुळ या गाडीच्या प्रवासात क्वेश्चन बँकेतले आठ-दहा प्रश्न सोडवायचे, असा नेम ठेवला आहे. अडचण अशी की, मानसोपचार किंवा बालरोग हे विषय मी केवळ पुस्तकातून वाचले आहेत आणि त्यांत मला बरे गुण मिळतात. उलट हृदयविकार, किडनी, व्हेंटिलेटर हे ज्यांच्यात माझा दिवस जातो, तेच विषय चुकतात.

परवाचा एक प्रश्न देते. हृदयाचे काम मंदावलेला ७२ वर्षांचा रुग्ण, फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारे औषध) आणि डिगॉक्सिन (हृदयाचे औषध) चालू, सकाळपासून मळमळ, दिव्याभोवती पिवळसर वलये दिसतात अशी तक्रार, पोटॅशियम २.९, एपिकल पल्स (छातीवर स्टेथोस्कोपने मोजलेले ठोके) ५४. डिगॉक्सिनची वेळ झाली आहे, तर नर्सने प्रथम काय करावे? मी ‘डॉक्टरांना कळवावे’ हा पर्याय निवडला, कारण आमच्याकडे आरएमओंना (ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरांना) फोन केल्याशिवाय कोणी गोळी थांबवत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एकदा ती थांबवली होती, तेव्हा भर राउंडमध्ये ‘कोणाला विचारून थांबवली?’ असे ऐकून घ्यावे लागले. परीक्षेचे उत्तर मात्र ‘डोस रोखावा’ असे होते.

नुकतीच पदवी घेतलेली माझी एक मैत्रीण माझ्यापेक्षा जास्त गुण मिळवते आहे. मग या परीक्षेसाठी अनुभव बाजूलाच ठेवावा लागतो का?

कोपरीकर

ताई, मी ही परीक्षा २०२४ मध्ये उत्तीर्ण झालो आणि त्याआधी ठाण्यात सर्जिकल वॉर्डमध्ये होतो. तुम्ही दिलेल्या प्रश्नाचा उलगडा तुमच्याच हकिगतीत आहे. त्या रुग्णाला डिगॉक्सिनची विषबाधा होते आहे हे तुम्हाला प्रश्न वाचतावाचताच कळले असणार. फ्युरोसेमाइडने पोटॅशियम गेले आणि पोटॅशियम कमी झाले की डिगॉक्सिन अधिक घातक ठरते, हे आयसीयूतल्या सिस्टरला सांगावे लागत नाही. म्हणजे ज्ञान चुकले नाही, चुकली ती सवय, आणि ती सवय तुम्हाला ओरडा खाऊन लागलेली आहे. डॉक्टरांना कळवणे हे चूक नाहीच, फक्त ते दुसरे पाऊल आहे. परीक्षा असे विचारते की, या क्षणी तुमच्या हातात आणि तुमच्या अधिकारात असलेली, रुग्णाला सुरक्षित ठेवणारी पहिली कृती कोणती. हातातली गोळी न देणे हे त्याचे उत्तर, मग फोन.

१ एप्रिल २०२३ पासून परीक्षेचे स्वरूप बदलले आहे आणि हा बदल अनुभवी माणसाच्या बाजूचा आहे, असे माझे मत आहे. पाच तासांत किमान ८५ आणि कमाल १५० प्रश्न येतात, मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही, आणि त्यांत गुण मोजल्या जाणाऱ्या तीन केस स्टडी असतात. प्रत्येक केसवर सहा प्रश्न असतात व ते एका क्रमाने पुढे सरकतात: लक्षात घेण्याजोग्या खुणा ओळखणे, त्यांचा अर्थ लावणे, कोणती शक्यता सर्वांत तातडीची हे ठरवणे, उपाय सुचवणे, कृती करणे आणि परिणाम तपासणे. आपण खाटेजवळ उभे राहून ‘हा पेशंट मला बरा दिसत नाही’ असे म्हणतो, तेव्हा पहिल्या दोन पायऱ्या झालेल्याच असतात. फक्त त्या शब्दांत मांडायची आपल्याला सवय नसते.

मी एक गोष्ट केली होती. ड्युटी संपल्यावर हँडओव्हरमधला (पुढच्या पाळीकडे सोपवलेल्यांपैकी) एकच रुग्ण मनात घ्यायचा आणि नाव वगैरे काहीही न लिहिता वहीत उतरवायचे की, मला पहिली खूण कोणती दिसली, त्यावरून मी काय ताडले आणि आमच्या वॉर्डात जे केले ते कोणत्या कारणाने केले. ‘कारण’ या रकान्यात काही वेळा ‘इन्चार्ज सिस्टर तसे सांगतात’ एवढेच लिहावे लागले. क्वेश्चन बँकेतले माझे चुकणारे प्रश्न बहुधा त्याच जागांवरचे होते.

प्रसूतिकक्ष, ठाणे

माझा अनुभव लेबर रूमचा आहे. एक्लॅम्पशियाच्या (गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येण्याच्या) रुग्णाला आमच्याकडे मॅग्नेशियम सल्फेट ४ ग्रॅम शिरेतून सावकाश आणि प्रत्येक नितंबात ५ ग्रॅम असे खोल इंजेक्शन देतात, म्हणजे सुरुवातीलाच एकूण १४ ग्रॅम. परीक्षेच्या प्रश्नांत तेच औषध इन्फ्युजन पंपाने शिरेतून चाललेले असते. सुरुवातीला मी त्या प्रश्नांना घाबरून पुस्तकातली पद्धत नव्याने पाठ करू लागले. नंतर लक्षात आले की, प्रश्न पद्धतीवर नसतोच. गुडघ्याचा रिफ्लेक्स आहे का, श्वास मिनिटाला १२ च्या खाली गेला का, लघवी तासाला निदान ३० मिलिलिटर होते आहे का, आणि त्यावरचा उतारा असलेले कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी आहे का, एवढेच विचारतात; आणि पुढचा डोस देण्याआधी आम्ही टॉर्चच्या उजेडात रात्री तीन वाजता हेच तर पाहत असतो. रिफ्लेक्स गेला तर आम्हीही डोस देत नाही.

औषधांच्या नावांकडे मात्र लक्ष द्या. आपल्या जिभेवर कंपनीची नावे बसलेली असतात, आणि अमेरिकेत पॅरासिटामॉलला अ‍ॅसिटामिनोफेन, साल्ब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल, अ‍ॅड्रिनलिनला एपिनेफ्रिन म्हणतात.

निवृत्त ट्यूटर, वाशी

वरील दोन्ही उत्तरे योग्य आहेत. तरी एक धोका सांगते, कारण शिकवणीवर्गांतून तो मोठ्या प्रमाणावर पसरला आहे. ‘आधी निरीक्षण, मग कृती’ हे सूत्र मुलींना घोकायला लावतात. शस्त्रक्रियेनंतर रुग्ण अचानक अस्वस्थ होऊन तळमळू लागला आणि पर्यायांत वेदनाशामक, नातेवाइकांना बोलावणे आणि ऑक्सिजन सॅच्युरेशन तपासणे असे असेल, तर सूत्र बरोबर ठरते. कारण अस्वस्थता हे ऑक्सिजन कमी पडत असल्याचे पहिले लक्षण असू शकते. परंतु रक्त चढवायला सुरुवात होऊन दहा मिनिटे झाली आहेत, रुग्णाला थंडी वाजते आहे आणि कंबरेत दुखते आहे, असे प्रश्नातच दिले असेल, तर निरीक्षण झालेले आहे. तिथे बीपी मोजत बसणारी मुलगी सूत्राने जाते आणि गुण गमावते. आधी रक्त थांबवायचे.

दुसरी गोष्ट कामवाटपाची. आपल्याकडे स्पंजिंग मावशी करतात, भरवणे नातेवाईक करतात आणि उरलेले सगळे सिस्टर स्वतः करते. अमेरिकेत आरएन (नोंदणीकृत नर्स), एलपीएन (तिच्या देखरेखीखाली काम करणारी परवानाधारक नर्स) आणि सहायक अशा तीन पायऱ्या असतात. यातील एलपीएनला आपल्याकडे नेमके जोडीचे पद नाही. एएनएमशी (सहायक परिचारिका व प्रसाविका) तुलना केली तर गोंधळच वाढतो. स्थिर रुग्णाचे तापमान घेणे सहायकाला देता येते. पहिली तपासणी, रुग्णाला शिकवणे आणि ज्याची प्रकृती बदलते आहे असा रुग्ण हे मात्र आरएनने स्वतःकडे ठेवायचे. सात वर्षे सगळे एकटीने केलेल्या सिस्टरला हा भाग सर्वांत परका वाटतो, आणि तो मात्र पुस्तकातूनच शिकावा लागेल.

ऐरोलीची सिस्टर

तिघांचेही मनापासून आभार. काल सुट्टी होती, म्हणून गेल्या महिन्यात चुकलेले चाळीस प्रश्न पुन्हा काढले आणि प्रत्येकासमोर चुकण्याचे कारण लिहिले. खरोखर माहीत नव्हते असे नऊच निघाले. सोळा ठिकाणी मी ‘आमच्याकडे असेच करतात’ म्हणून उत्तर दिले होते, अकरा कामवाटपाचे होते आणि चार निव्वळ घाईचे. आता एकच शंका आहे. ‘लागू असलेले सर्व निवडा’ या प्रकारात मला दोन-तीन पर्यायांची खात्री असते आणि एखादा अर्धवट पटतो. तो निवडावा की सोडावा?

कोपरीकर

ताई, आता या प्रकाराला अंशतः गुण मिळतात, पण चुकीचा पर्याय निवडला तर मिळवलेल्यातून एक वजा होतो. एकूण मात्र शून्याच्या खाली जात नाही. म्हणून खात्रीचे दोन-तीन आधी निवडा, आणि अर्धवट पटणाऱ्या पर्यायाबाबत तो ‘आमच्याकडे करतात’ म्हणून पटतो आहे की त्यामागचे कारण सांगता येते म्हणून, हे स्वतःला विचारा. कारण सांगता आले नाही, तर तो तसाच सोडून पुढे जा.