मदत हवी आहे: इद्रीस पैगंबरांच्या हातात सुई आली कुठून?

आमच्या गल्लीत एक शिंपीचाचा बसतात. परवा पँटची तुरपाई करून घ्यायला गेलो, तर दर टाक्याला त्यांचे ओठ हलत होते. विचारलं, तर अंगुस्तान्याचं बोट वर करून म्हणाले, "सुब्हानल्लाह म्हणतो, म्हणजे अल्लाहची स्तुती. इद्रीस अलैहिस्सलाम असंच शिवायचे. हा हुनर त्यांचाच."

घरी येऊन कुराणाचा मराठी अनुवाद काढला. इद्रीस यांचं नाव दोनच जागी. सूरह मरयममध्ये (१९:५६-५७) ते सत्यनिष्ठ नबी, अल्लाहने त्यांना उच्च स्थानी नेलं. सूरह अंबियामध्ये (२१:८५) इस्माईल आणि जुल्किफ्ल यांच्याबरोबर धीर धरणाऱ्यांत गणना. संपलं. सुई नाही, दोरा नाही. मग चाचा सांगतात ते कुठलं? आणि बायबलातला हनोख तो हाच का? कुणाला नीट माहीत असेल तर सांगा, नुसत्या लिंका नकोत.

प्रतिसाद १
सुई कुराणात शोधू नका, ती नबींच्या कथांमध्ये, 'किसस-उल-अंबिया'त आहे. लेखणीने पहिल्यांदा लिहिलं ते इद्रीस यांनी, कापड शिवून घातलं तेही त्यांनीच. त्याआधी माणसं कातडी पांघरायची. ताऱ्यांचा हिशेबही त्यांच्याच नावावर. उत्तरेकडचे कितीतरी दर्जी इद्रीसी म्हणवतात ते यामुळेच. आपल्याकडे शिंपी नामदेवांचं नाव घेतात, तसंच.

प्रतिसाद २
हनोख म्हणजेच इद्रीस, असं बहुतेक भाष्यकार मानतात. बायबलातल्या 'उत्पत्ती'च्या ५व्या अध्यायात तो आदामापासून सातवा, नोहाचा पणजोबा, वय ३६५ वर्षं. बाकी प्रत्येकापुढे "मग तो मेला" येतं, याच्यापुढे मात्र देवाने त्याला नेलं. 'उच्च स्थान' त्याच्याशी जुळतं.

पण मेराजच्या, म्हणजे मुहम्मद पैगंबरांच्या स्वर्गारोहणाच्या, हदीसमध्ये (पैगंबरांबद्दलच्या परंपरागत कथनात) गंमत आहे. चौथ्या आसमानात इद्रीस मुहम्मद पैगंबरांना 'नेक भाऊ' म्हणतात. आदम आणि इब्राहीम मात्र पूर्वज म्हणून 'नेक बेटा' म्हणतात. इद्रीस नूहचे (म्हणजे नोहाचे) पणजोबा असतील तर मुहम्मदांचेही पूर्वज झाले, मग भाऊ कसे? एवढ्यावरून काही आलिमांनी (धर्मपंडितांनी) इद्रीसना हनोखशी जोडणंच नाकारलं. इद्रीस म्हणजे इल्यास पैगंबर, असंही एक जुनं मत आहे. बाकीचे म्हणतात, भाऊ म्हटलं ते अदब म्हणून. मला हे पटतं.

धागाकर्ता
दोघांचे आभार, भाऊ-बेट्याचा मुद्दा तर डोक्यातच आला नव्हता. आता नवाच किडा वळवळतोय: लेखणीही त्यांचीच, तर मग कातिब (हस्तलिखितं लिहिणारे) लोक स्वतःला इद्रीसी का म्हणवत नाहीत?