मांडीवरचं सेल्युलाइट आणि पोटाची सैल त्वचा: सुयांच्या ट्रीटमेंटने फरक पडतो का?

मनवा_र

वय 38. वजन 14 किलोने उतरवलं, गेलं वर्षभर स्थिर आहे. मांड्यांच्या मागच्या बाजूला संत्र्याच्या सालीसारखे खळगे दिसतात आणि बेंबीखालची त्वचा सुरकुतलेली, सैल आहे. थोडे स्ट्रेच मार्क्सही आहेत. क्लिनिकमध्ये मायक्रोनीडलिंगच्या (बारीक सुयांनी त्वचेला छिद्रं पाडण्याच्या) 6 सिटिंग्ज सुचवल्या, दोन्ही जागांसाठी एकच पॅकेज, वर 'हवं तर पीआरपी (आपल्याच रक्तातून काढलेला प्लेटलेट्सचा अर्क) घाला' असं म्हणाले. घरी 1.5 मिमीचा डर्मारोलर (सुया लावलेला छोटा रूळ) वापरून तेच काम होतं असंही वाचलं. हे खरंच चालतं का? कुठे चालतं, कुठे नाही? पैसे भरण्याआधी काय तपासावं?

त्वचावैद्य_सांगली

मांडीचे खळगे आणि पोटाची सैल त्वचा ही दोन वेगळी दुखणी आहेत, त्यामुळे एका पॅकेजात दोन्ही बसवणं मुळातच पटत नाही.

आधी सेल्युलाइट. त्वचेखालची चरबी छोट्या कप्प्यांत असते आणि त्या कप्प्यांच्या भिंती म्हणजे तंतूंचे पट्टे. बायकांमध्ये हे पट्टे बरेचसे उभे असतात, वरून त्वचेला आणि खालून स्नायूवरच्या आवरणाला बांधलेले. पट्टा त्वचेला खाली खेचतो, आजूबाजूची चरबी वर फुगते, म्हणून खळगा दिसतो. पुरुषांमध्ये पट्टे तिरके, एकमेकांना छेदणारे असतात, म्हणून त्यांच्यात सेल्युलाइट क्वचित दिसतं. वजन कमी केलं तरी पट्टा तिथेच राहतो. वयात आलेल्या बहुतेक बायकांना थोडंफार सेल्युलाइट असतंच, तो आजार नाही.

आता सुईची लांबी बघा. मांडीवरची त्वचा साधारण 1 ते 2 मिमी जाड. नीडलिंगच्या पेनवर (सुया लावलेल्या यंत्रावर) 1.5 किंवा 2 मिमी लावलं तरी सुई फार तर त्वचेच्या आतल्या थरापर्यंत जाते, आणि डायलवरचा आकडा पूर्ण आत जातोच असंही नाही, कारण त्वचा दबते. खेचणारा पट्टा त्याच्या कितीतरी खाली आहे. त्यामुळे साध्या मायक्रोनीडलिंगने खळगा सुटत नाही. वरची त्वचा जरा जाड झाली तर उथळ लाटा थोड्या झाकल्या जातात, एवढंच.

सैल त्वचेचं गणित वेगळं. सुईने बारीक छिद्रं पडली की प्लेटलेट्समधून वाढीचे संदेश सुटतात, आधी कच्चं कोलॅजन (त्वचेला बळकटी देणारं प्रथिन) बनतं आणि पुढच्या काही महिन्यांत ते पक्कं होतं. म्हणून खरा निकाल शेवटच्या सिटिंगनंतर 3 ते 6 महिन्यांनी बघायचा, पंधरा दिवसांनी दिसते ती बहुतेक सूज. कागदासारखी चुरगळलेली त्वचा आणि स्ट्रेच मार्क्स यांना याचा फायदा होतो. लोंबणारी घडी मात्र आक्रसत नाही. तिथे त्वचा जास्त उरलेली असते, आणि सुई जास्तीची त्वचा नाहीशी करत नाही.

तुमच्यात काय जास्त आहे ते घरीच बघता येतं. आरशासमोर उभं राहा, स्नायू सैल सोडा, दिवा बाजूने पडू द्या (समोरून फ्लॅश मारला तर खळगे गायब होतात, 'आधी आणि नंतर'च्या बऱ्याच फोटोंची गोम हीच). मांडीची त्वचा दोन्ही हातांनी वर ओढा. खळगे बरेचसे मिटले तर दोष सैलपणाचा. ठळक, एकटे खळगे तसेच राहिले तर पट्ट्याचा. पोटाची त्वचा चिमटीत धरा: पातळ, बारीक सुरकुत्यांची असेल तर नीडलिंग करून बघण्यासारखं आहे. उभ्याने घडी खाली लोंबत असेल तर ते पैसे वाचवा.

पीआरपीने सेल्युलाइट जातं याला भक्कम पुरावा नाही.

प्लास्टिक_सर्जन_ठाणे

वरच्याशी सहमत. पट्ट्यावर काय चालतं ते लिहितो.

पट्टा कापायचा, याला सबसिजन म्हणतात. पेशंटला उभं करून, बाजूच्या उजेडात खळगे पेनने आखायचे. आडवं केल्यावर ते दिसेनासे होतात, म्हणून आखणी उभ्यानेच. मग लिडोकेन आणि अॅड्रेनालिन घातलेलं सलाईन त्वचेखाली भरून बधिर करायचं, 18 गेजची सुई किंवा टोकाला बारीक पातं असलेली सुई त्वचेखाली शिरवायची आणि पट्टे कापायचे. लगेच दाब द्यायचा, पुढे काही आठवडे घट्ट कपडा. निळे-काळे डाग ठरलेलेच. आपल्या रंगाच्या त्वचेत त्याचा तपकिरी वण महिनोन्महिने रेंगाळतो. गरजेपेक्षा जास्त जागा कापली तर आधार सुटून चरबी वर येते आणि खळग्याच्या जागी उंचवटा होतो, जो दुरुस्त करणं जास्त कठीण. म्हणून ठळक, मोजके खळगेच घ्यावेत. सगळीकडे उथळ लाटा असतील तर ही प्रक्रिया त्या पेशंटसाठी नाही.

हेच काम ठरलेल्या खोलीवर, त्वचा निर्वातात ओढून धरून करणारं सेल्फिना हे यंत्र अमेरिकेत 2015 मध्ये मंजूर झालं. ते 6 किंवा 10 मिमी खोलीवर कापतं. 1.5 मिमीच्या सुईला पट्टा का लागत नाही, ते या आकड्यावरून कळेल. पट्टा विरघळवणारं कोलॅजिनेजचं इंजेक्शन, क्यूडब्ल्यूओ, 2020 मध्ये मंजूर झालं, पण डाग आणि त्वचेचा रंग बराच काळ बदलून राहणं यामुळे कंपनीने ते बाजारातून काढून घेतलं.

रेडिओफ्रिक्वेन्सीच्या सुया साध्या मायक्रोनीडलिंगपेक्षा वेगळ्या. त्यांच्या टोकातून उष्णता सुटते, खोली 3 मिमीच्या पुढेही नेता येते, सैल त्वचेवर परिणाम जास्त होतो आणि धोकाही तेवढाच जास्त. भाजणं, वण, नको तिथे चरबी विरघळून खड्डा पडणं, मज्जातंतूला इजा, याबद्दल अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने ऑक्टोबर 2025 मध्ये इशारा दिला आहे. हे यंत्र कोण हाताळणार, हा प्रश्न आधी विचारा.

पोटाबद्दल आणखी एक. पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, डोकं थोडं उचला आणि बेंबीच्या वर-खाली मधोमध बोटं दाबा. दोनपेक्षा जास्त बोटं मावली तर पोटाचे स्नायू फाकलेले असू शकतात. मग फुगवट्याचं कारण त्वचा नाही, आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा. त्वचा खरंच जास्त असेल तर उपाय टमी टक, म्हणजे जास्तीची त्वचा कापून काढण्याची शस्त्रक्रिया, आणि त्याचा वण कायमचा.

ओटी_सिस्टर

नीडलिंग करायचंच असेल तर या गोष्टी डोळ्यांसमोर घडताना बघा.

सुयांचं काडतूस सीलबंद पाकिटातून तुमच्यासमोर फोडलं पाहिजे, आणि काम झालं की कचऱ्यात. 'निर्जंतुक करून वापरतो' म्हणाले तर उठून या. पीआरपी घेतलात तर तुमच्या ट्यूबवर तुमचं नाव लिहिताना बघा. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या एका स्पामध्ये 2018 साली रक्ताच्या अशाच फेशियलमधून ग्राहकांना एचआयव्ही झाल्याचं तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने 2024 मध्ये नोंदवलं आहे.

सुन्न करणारं क्रीम (लिडोकेन 2.5% आणि प्रिलोकेन 2.5%) चेहऱ्यावर चालतं म्हणून दोन्ही मांड्यांवर थापून प्लास्टिक गुंडाळायचं नाही. जागा मोठी, त्यात प्लास्टिकची उष्णता, त्यामुळे औषध भराभर रक्तात शोषलं जातं. लेसरने केस काढण्याआधी पायांना तीव्र क्रीम लावून असंच गुंडाळल्याने अमेरिकेत दोन तरुणींचा मृत्यू झाला होता, त्यावर एफडीएने 2007 मध्ये सूचना काढली. एका वेळी छोटा भाग घ्यावा आणि क्रीम पूर्ण पुसूनच सुई लावावी.

त्वचा ताणून धरून उभं, आडवं, तिरकं असं फिरवतात. टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके आले की तो भाग थांबवायचा, आणखी दाबून निकाल वाढत नाही, डाग वाढतात. वर फक्त सलाईन किंवा निर्जंतुक जेल. साधं व्हिटॅमिन सी सीरम छिद्रांतून आत गेलं तर त्वचेत गाठी झाल्याच्या नोंदी आहेत. 2 ते 3 दिवस सैल सुती कपडे, जिम आणि पोहणं बंद. दोन सिटिंग्जमध्ये 4 ते 6 आठवडे.

घरचा 1.5 मिमीचा रोलर घेऊ नका. रोलरची सुई तिरकी शिरते आणि तिरकीच बाहेर येते, टोक वाकलं असेल तर ओरखडा काढते आणि रुळासारख्या समांतर रेघा उमटतात. स्वस्तातल्या रोलरमध्ये सुट्या सुया नसतातच, पत्र्याच्या दातेरी चकत्या ओवलेल्या असतात. स्पिरिटमध्ये बुडवून तो पूर्ण निर्जंतुक होत नाही.

केलॉइडची (वण फुगून वाढण्याची) प्रवृत्ती, रक्त पातळ करणारी गोळी, अनियंत्रित साखर, गरोदरपण, त्या जागी नायटा किंवा पुळ्या: यातलं काहीही असेल तर आधी सांगा.

मनवा_र

खूप उपयोग झाला. त्वचा वर ओढल्यावर मांडीचे बरेच खळगे मिटतात, तीन-चार तसेच राहतात. पोटाची घडी लोंबत नाही, पण चुरगळलेली आहे. एक शंका: मांडीच्या आतल्या बाजूला गोल चट्टा आहे, खाजतो. मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबने जातो आणि पुन्हा येतो. तेवढा भाग सोडून बाकीचं करता येईल?

त्वचावैद्य_सांगली

नाही, आत्ता मांडीला सुई लावूच नका. वर्णन नायट्याचं आहे आणि जाऊन पुन्हा येतो म्हणजे त्या ट्यूबमध्ये बहुधा स्टेरॉइड आहे. पाकिटावर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन लिहिलंय का बघा. स्टेरॉइडने खाज आणि लाली थांबते, बुरशी मात्र पसरत राहते, कडा पुसट होते आणि निरोगी दिसणाऱ्या त्वचेतही ती असू शकते. त्यावरून पेन फिरलं तर जंतू सगळ्या मांडीवर पेरले जातील. शिवाय स्टेरॉइडने त्वचा पातळ होते, मांडीच्या आत तर नवे स्ट्रेच मार्क्सही येतात.

ट्यूब बंद करा. त्वचारोगतज्ज्ञाकडे कडेचे खवले खरवडून केओएच तपासणी (खवल्यांत बुरशी आहे का ते सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) करून घ्या, तिला काही मिनिटं लागतात. बुरशीची औषधं सांगितलेला पूर्ण काळ घ्यायची, खाज थांबली म्हणून मध्येच सोडायची नाहीत. टॉवेल आणि आतले कपडे वेगळे, गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवलेले. घरात कुणाला खाज असेल तर त्यांचेही उपचार एकाच वेळी.

पोटावर चट्टा नाही याची डॉक्टरांकडून खात्री झाली आणि मांडीचा नायटा पूर्ण गेला की पोटाच्या 3 सिटिंग्जपासून सुरुवात करा, सहाचे पैसे एकदम भरू नका. तिसरीनंतर 3 महिने थांबून त्याच खोलीत, त्याच बाजूच्या दिव्यात फोटो काढा आणि पुढचं तेव्हा ठरवा. उरलेल्या तीन-चार खळग्यांसाठी ठाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलेलं सबसिजन आहे, त्याला मायक्रोनीडलिंगचं पॅकेज लागत नाही.